पत्ता नसलेल्या बालकांचे पोषण

दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून संत तुकाराम महाराजांची पालखी पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या या सोहळ्यासाठी आज अवघी शासनयंत्रणा कामाला लागते. पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, वैद्यकीय पथके, औषधांचा साठा, पाण्याच्या स्रोतांची तपासणी आणि २०१५ पासून ‘निर्मल वारी’च्या उपक्रमातून आलेली फिरती शौचालये, अशी सारी व्यवस्था मुक्कामागून मुक्काम वारीच्या सोबत सरकत जाते. वारकऱ्याला पाण्याचा पेला देण्यापूर्वी कोणी त्याचा आधार क्रमांक किंवा रहिवासाचा दाखला मागत नाही. जो वाटेवर आहे, त्याची सोय करायची, एवढा एकच निकष तेथे पुरेसा ठरतो.

याच देहूच्या पंचक्रोशीत वर्षभर आणखीही काही माणसे वाटेवरच असतात. तळवडे, चिखली, मोशी, निघोजे ते चाकण या पट्ट्यात मोकळ्या भूखंडांवर, उड्डाणपुलांखाली आणि बांधकामांच्या कडेला त्यांची पाले पडतात आणि उठतात. वडार, बेलदार, कैकाडी, वैदू, घिसाडी, नंदीवाले, गोसावी, मसणजोगी, पारधी अशा भटक्या-विमुक्त जमातींतील ही कुटुंबे. कोणी खोदकामाला येते, कोणी भंगार वेचते, कोणी बीजेच्या यात्रेत खेळणी आणि माळा विकते. त्यांच्यासोबत सहा वर्षांखालची मुले असतात. या मुलांना रोजचा पूरक आहार, वेळच्या वेळी लस आणि पिण्याजोगे पाणी मिळवून देणे कायद्याने शासनावर बंधनकारक आहे. पण वारीत जो निकष सहज लावला जातो, तो येथे लागू होत नाही. येथे पहिला प्रश्न असतो तो पत्त्याचा. महाराष्ट्रातील बालकुपोषणाच्या चर्चेत मेळघाट, नंदुरबार, पालघर ही नावे वारंवार येतात आणि ती यावयासच हवीत. परंतु देशातील एका संपन्न औद्योगिक पट्ट्यात, कारखान्यांच्या भिंतींना टेकून असलेले हे कुपोषण नकाशावर दिसतच नाही. कारण ते एका जागी थांबत नाही.

भटकंतीचा अर्थ बदलला

ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या, म्हणून त्या ‘विमुक्त’. महाराष्ट्राने त्यांना आणि भटक्यांना १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती अशा सूचीत बसवले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्यांचे ‘फिरस्ते’ म्हणून वर्णन केले, त्यांचे गावाशी एक नाते होते. ते दुय्यम होते, अपमानास्पदही होते. पण त्यात धान्याचा वाटा, शिळीपाकी भाकर, ताक आणि जनावरांसाठी चारा यांची काही तरतूद होती. त्याखेरीज ससा, तितर, मासे, घोरपड यांतून मुलांच्या पोटात प्रथिने जात.

ही तरतूद दोन्ही बाजूंनी आटली. भीक प्रतिबंधक कायद्याने १९५९ पासून गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरतीचे खेळ करणे या साऱ्यांची गणना भीक मागण्यातच केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आणि गारुड्याचा खेळ बंद झाला. वन्यजीवांचे रक्षण आवश्यकच होते, यात वाद नाही. मात्र ज्यांच्या ताटातील मांस आणि हातातील धंदा त्या कायद्याने गेला, त्यांना पर्यायी ताट कोणी वाढले नाही. यंत्राने दगड फोडणे आले तसा वडारांचा, प्लॅस्टिक आले तसा कैकाड्यांच्या टोपल्यांचा आणि कारखान्यातील अवजारे आली तशी घिसाड्यांच्या भात्याचा बाजार उठला.

मग ही कुटुंबे जेथे रोकड मजुरी आहे तेथे आली. पिंपरीत १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, पुढे वाहन उद्योग आला आणि गेल्या तीन दशकांत चाकणपर्यंतची शेतजमीन कारखाने, गोदामे आणि गृहसंकुलांखाली गेली. खोदकाम आणि बांधकाम जसे पुढे सरकते तसे पालही पुढे सरकते. कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांच्या गाळप हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांत बंजारा आणि वंजारी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. मावळातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामभर राहतात. पूर्वीची भटकंती ठरलेल्या गावांची आणि ठरलेल्या ऋतूंची होती. आजची भटकंती कंत्राटदाराच्या दूरध्वनीवर ठरते. मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे, कारण पुढचा मुक्काम कोठे, हे आता आईलाही ठाऊक नसते.

आकडेवारीतील पोकळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. तीव्र कृश मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीतील ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेले. राज्यात २००५ मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनच्या काळात दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आले होते, हे लक्षात घेता नंतरची ही स्थिती चिंताजनक आहे.

पण यात भटक्या-विमुक्तांची मुले किती? याचे उत्तर या पाहणीत मिळत नाही. तिच्यातील सामाजिक वर्गवारी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्गीय आणि अन्य अशी आहे. भटके-विमुक्त या चारही रकान्यांत विखुरले जातात. कैकाडी समाज विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि तेलंगणात अनुसूचित जमाती ठरतो. शिवाय पाहणीसाठी कुटुंबांची निवड घरांच्या यादीतून होते आणि पाचव्या फेरीची ती चौकट २०११ च्या जनगणनेवर आधारलेली होती. जे पाल २०११ नंतर पडले आणि उठले, ते या यादीत येण्याचे कारणच नाही.

बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये देशातील या समाजांची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. भिकू रामजी इदाते आयोगाने २०१८ च्या प्रारंभी सादर झालेल्या अहवालात अशा १,५२६ समाजांची नोंद केली आणि त्यांतील २६९ समाज कोणत्याच प्रवर्गात नसल्याचे दाखवून दिले. दोन आयोगांनंतरही या समाजांतील पाच वर्षांखालील मुलांचे वजन किती, उंची किती, याचे राज्यव्यापी चित्र शासनापाशी नाही. ज्याची मोजणी नाही त्याची तरतूद नाही, हा प्रशासनाचा जुना नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

‘घरपोच’ आहार, पण घर कोठे?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अन्नाच्या हक्काबाबत २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक आदेश देत ही योजना प्रत्येक बालकाचा हक्क ठरवली. दारिद्र्यरेषेचा दाखला ही तिच्यासाठी अट असणार नाही, असे न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात बजावले. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये हा हक्क कायद्यात आणला. म्हणजे देहूत कालच पाल टाकलेल्या कुटुंबाचे मूल आज जवळच्या अंगणवाडीत गेले, तर त्याला आहार नाकारण्याचे कायदेशीर कारण नाही.

प्रत्यक्षात अडचण नियमाच्या तळटीपांमध्ये आहे. न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी ‘मागणीनुसार अंगणवाडी’चा आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत तेथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी सुरू करावी, असे त्यात म्हटले होते. झोपडपट्ट्यांसाठी हा आदेश वरदान ठरला. भटक्यांच्या बाबतीत त्यातील दोन्ही आकडे आडवे येतात. दहा-बारा पालांत ४० बालके भरत नाहीत आणि तीन महिने पूर्ण होण्याआधी पाल उठलेले असते.

सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी शिजवलेल्या आहाराऐवजी ‘घरपोच आहार’ दिला जातो. नावातच घर गृहीत धरलेले आहे. या आहारातून दिवसाला सुमारे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मानक ठरले. तीव्र कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांकांचे. २०१७ मध्ये केंद्राने सर्वसाधारण बालकामागे दिवसाला ८ रुपये आणि तीव्र कुपोषित बालकामागे १२ रुपये दर निश्चित केला. पाकिटे यादीतील नावांच्या संख्येनुसार येतात. सेविकेपुढे अचानक पाच नवी मुले उभी राहिली, तर तिने द्यायचे ते कोणाच्या वाट्यातून? अशा वेळी ‘पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर तिच्या मनाचे नसते, साठ्याचे असते.

त्यात तंत्रज्ञानाची भर पडली आहे. २०२१ पासून अंगणवाडीचा सारा कारभार ‘पोषण ट्रॅकर’वर आला. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवणे बंधनकारक झाले. बोगस लाभार्थी रोखण्याचा हेतू रास्त आहे. मात्र ज्या आईकडे आधार कार्ड नाही, किंवा आहे पण त्याला जोडलेला मोबाइल दोन वेळा बदलला आहे, तिच्यासाठी ही चाळणी गळतीपेक्षा अडथळाच अधिक ठरते. ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय आहे. पण त्यासाठी मुळात कोठेतरी पहिली नोंद झालेली असावी लागते.

देहूच्या भूगोलाने हा गुंता आणखी वाढवला आहे. देहूला नगरपंचायत आहे. लागून देहूरोड कॅन्टोन्मेंट बोर्डाची हद्द लागते. तळवडे, चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात. येलवाडी खेड तालुक्यात, तर इंदुरी आणि सुदुंबरे मावळ तालुक्यात असून तेथे जिल्हा परिषदेचा कारभार चालतो. हे सारे काही किलोमीटरांच्या आत. पाल एका टेकाडावरून दुसऱ्यावर गेले, तरी बालकाची जबाबदारी एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जाते. अन् बहुधा ती कोठेच पोहोचत नाही.

खात्यांची विभागणीही अशीच आहे. आहार महिला व बालविकास खात्याकडे, लस आरोग्य खात्याकडे आणि भटक्या-विमुक्तांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण खात्याकडे. गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी २०१५ ची अमृत आहार योजना अनुसूचित क्षेत्रापुरती आहे. पुणे जिल्ह्यात तसे क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत येते. देहू-चाकणला स्थलांतर करून आलेली कातकरी माता त्या योजनेबाहेर पडते आणि वडार माता तर कधी तिच्या आत नव्हतीच. विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी २०२३ मध्ये आलेली पीएम-जनमन योजना कातकऱ्यांपर्यंत पोहोचू शकते. शेजारच्याच पालातील मसणजोग्यापर्यंत नाही. दोघांच्या मुलांची भूक मात्र सारखीच.

हजार दिवसांचे गणित

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे एक हजार दिवस बालकाच्या वाढीत निर्णायक असतात. या काळात राहिलेली उंचीची आणि मेंदूच्या वाढीची उणीव पुढे सहजासहजी भरून निघत नाही. नेमक्या याच काळातील सेवा ठरावीक अंतराने, ठरावीक जागी दिल्या जातात. घरी प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्तीने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी नवजात बाळाला भेट द्यायची असते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केलेल्या गृहाधारित नवजात बालसेवेतून ही पद्धत देशभर गेली. पंधरा दिवसांनी पाल हलले तर सातपैकी चार भेटी होतात आणि उरलेल्या तीन कोणाच्याच वहीत राहत नाहीत. लसीकरणाचे टप्पे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, नवव्या महिन्यात आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान येतात. एवढ्या अवधीत भटक्या कुटुंबाचे मुक्काम किती बदलतात, याचा अंदाज करणे कठीण नाही.

आहाराची पद्धतही भटकंती ठरवते. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधासोबत मऊ, दाट, तेला-तुपाचा अंश असलेले अन्न दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवावे लागते. दिवसभर खड्डे खणणाऱ्या किंवा फेरीवर गेलेल्या आईला ते शक्य होत नाही. बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते आणि चहात बुडवलेला पाव किंवा पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट हे त्याचे दुपारचे जेवण असते. देहू-आळंदीत अन्नदानाला तोटा नाही. यात्रेच्या दिवशी या मुलांचेही पोट भरते. परंतु बाळाच्या वाढीला एका दिवसाच्या पंगतीपेक्षा रोजच्या चार चमचे खिचडीची गरज अधिक असते. दातृत्व आणि पोषण यांतील हा फरक समाजानेही समजून घ्यायला हवा.

पोटात गेलेले टिकते की नाही, हे पाणी आणि स्वच्छता ठरवतात. पालाला नळ नसतो. पाणी हॉटेलातून, गॅरेजमधून किंवा बांधकामाच्या टाकीतून मागून आणले जाते आणि भंगारातून मिळालेल्या डब्यांत साठवले जाते. त्यांत आधी काय होते, याची खात्री नसते. इंद्रायणीची अवस्था आळंदीत नदीपात्रावर तरंगणाऱ्या पांढऱ्या फेसाने सर्वांना परिचित करून दिली आहे. त्याच पाण्यात भांडी आणि कपडे धुतले जातात. स्वच्छ भारत मोहिमेत ग्रामीण महाराष्ट्र एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. ती मोजणी २०१२ च्या पायाभूत पाहणीतील कुटुंबांवर आधारलेली होती. जे कुटुंब त्या यादीत नव्हते त्याचे शौचालय नसणे मोजले गेले नाही.

वारंवार जुलाब झाले की आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. कुपोषित मुलाला संसर्ग लवकर होतो आणि संसर्ग झालेले मूल अधिक कुपोषित होते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जलसंजीवनीने हजारो जीव वाचवता येतात, हे दाखवून दिले. आज जलसंजीवनीचे पाकीट आणि चौदा दिवसांच्या जस्ताच्या गोळ्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असणे अपेक्षित आहे. त्या पालापर्यंत नेणारा माणूस मात्र लागतो. बांगलादेश आणि केनियात झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. साधी शौचालये, हात धुणे आणि पाण्याचे शुद्धीकरण एवढ्यानेच मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार मिळालेल्या गटांत थोडी सुधारणा दिसली. स्वच्छतेचे फलक लावून आहाराचा प्रश्न सुटत नाही, असा याचा अर्थ. दोन्ही एकत्र आणि सातत्याने द्यावे लागतात.

हा प्रश्न केवळ पालापुरता आहे, असे समजणाऱ्या शहरवासीयांनी २०२२ च्या अखेरीस पसरलेली गोवराची साथ आठवावी. मुंबईत गोवंडीत तिने बालकांचे बळी घेतले आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कुदळवाडीत रुग्ण आढळले. गोवर रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. उरलेली पाच टक्के मुले एकाच जागी गोळा झाली, तर रोगाला तेवढी फट पुरते.

जे एकदा जमले, ते पुन्हा जमेल

फिरत्या बालकांना शोधणे अशक्य आहे, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत भटक्यांची पाले, वीटभट्ट्या, बांधकामे आणि स्थलांतरितांच्या झोपड्या यांच्या स्वतंत्र याद्या केल्या गेल्या. रेल्वे स्थानके, बसथांबे आणि यात्रा येथे बूथ लागले. मूल कोठले, हा प्रश्न न विचारता त्याच्या तोंडात दोन थेंब घातले गेले आणि करंगळीवर शाईची खूण केली गेली. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लसीकरणाने तो धडा जपला. आता ‘यू-विन’ नोंदणीमुळे एका गावी घेतलेल्या लसीची पुढची मात्रा दुसरीकडे घेता येते. पोषणाने तो धडा अजून गिरवलेला नाही.

महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांसाठी मागोवा घेणारी संगणकीय प्रणाली आधी काही जिल्ह्यांत आणि मग राज्यभर आणली, ही योग्य दिशा आहे. मूळ गाव आणि कामाचे गाव अशा दोन टोकांमधील स्थलांतरासाठी ती उपयोगी पडते. ज्यांना मूळ गावच नाही किंवा ज्यांची वाटेतील गावे दहा आहेत, त्यांच्यासाठी तिला बरीच मजल मारायची आहे.

स्वयंसेवी प्रयत्नांचा अनुभवही पाठीशी आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेली ‘मोबाइल क्रेशेस’ची चळवळ मुंबई-पुण्यापर्यंत आली. वाघोलीच्या दगडखाणींत ‘संतुलन’ संस्थेने १९९७ पासून पाषाणशाळा चालवल्या. यमगरवाडीत आणि चिंचवडच्या गुरुकुलम्‌मध्ये गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी व इतर भटक्या समाजांतील मुलांना निवासी शिक्षण दिले. या कामांचे मोल मोठे आहे. तथापि निवासी शाळेचा उपाय सहा वर्षांनंतर सुरू होतो. दोन वर्षांच्या आतील बाळ आईपासून वेगळे करता येत नाही. त्याच्यासाठी सेवेलाच आईच्या मागे जावे लागेल.

समाजाकडूनही काही अपेक्षा आहेत. लहान वयातील लग्ने, जात पंचायतींचा धाक, पुरुषांचे व्यसन आणि घरीच होणारी बाळंतपणे यांची किंमत बाळ मोजते. राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे पाचव्या पाहणीत आढळले. कोवळ्या आईचे बाळ कमी वजनाचे जन्मते. पण सरकारी माणसाविषयीचा या समाजाचा अविश्वास अकारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणारे तुरुंगातील नियम रद्द ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला. अनोळखी माणूस वही घेऊन पालाशी आला, की तो नाव कशासाठी विचारतो, ही शंका पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणून या कामासाठी त्याच समाजातील शिकलेल्या तरुणी निवडणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

काय करता येईल

देहू-चाकण पट्ट्यात याची सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. नगरपंचायत, कॅन्टोन्मेंट बोर्ड, महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मिळून पाले, कोप्या, वीटभट्ट्या आणि बांधकामे यांची एकच यादी करावी आणि ती दर महिन्याला ताजी ठेवावी. पोलिओ मोहिमेच्या जुन्या याद्या त्यासाठी आधाराला घेता येतील. या पट्ट्यातील प्रत्येक अंगणवाडीला नोंदणीविना आलेल्या बालकांसाठी थोडा राखीव साठा द्यावा. आधी आहार आणि नंतर कागद, असा क्रम ठेवावा. ४० बालकांची अट फिरत्या वस्त्यांसाठी शिथिल करून त्यांच्यामागे फिरती अंगणवाडी पाठवावी. पाल उठताना आईच्या हाती महिन्याचा आहार, दंडघेर पट्टी आणि पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड द्यावे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, हे तिला शिकवायला पाच मिनिटे लागतात.

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले होते. या औद्योगिक पट्ट्यात एकेका कंत्राटदाराकडे पन्नास बायका नसतील, पण एका रस्त्यावरील दहा बांधकामांवर मिळून नक्कीच असतात. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून सामायिक पाळणाघरे उभी करणे अवघड नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत २०११ पासून स्थिर होऊ इच्छिणाऱ्या भटक्या कुटुंबांना जमीन आणि घर देण्याची तरतूद आहे. तिला गावोगावच्या गायरानांवरील विरोधातून सोडवावे लागेल. आणि वारीसाठी होणारी पाण्याची व शौचालयांची सोय वर्षातून काही दिवस वापरून बाजूला ठेवण्यापेक्षा ठरावीक पालतळांवर बारमाही चालवता येईल.

२०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली असून त्या वेळी जातींचीही नोंद होणार आहे. भटक्या-विमुक्तांच्या संघटना स्वतंत्र रकान्याची मागणी करीत आहेत आणि ती रास्त आहे. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. जो जेथे झोपला आहे, तेथेच त्याला मोजायचे, ही पद्धत सरकारला अवगत आहे. माणसे मोजण्यासाठी हा नियम वर्षानुवर्षे मान्य असेल, तर मुलांना जेवू घालण्यासाठी तो अमान्य असण्याचे काही कारण दिसत नाही. मोजणीच्या रात्री पालात सापडलेल्या बाळाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावच्या अंगणवाडीत आहार मिळाला, तरच त्या मोजणीला अर्थ राहील.